डोपामिन : मात्रा की मार्ग?

पालकसभा, शिक्षकांचे उद्बोधन वर्ग आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या या तिन्ही ठिकाणी अलीकडे एक शब्द हमखास भेटतो : डोपामिन. मोबाइलवर कोणाची पसंती आली की मेंदूत डोपामिन 'सुटते', त्याने आनंद होतो, आनंदाची चटक लागते. आणि कुमारवयात गाडीचा ॲक्सिलरेटर तयार पण ब्रेक कच्चे असल्याने मूल घसरते, मानसिक आजारांकडे ओढले जाते, असा हा सिद्धान्त. ऐकायला सोपा आणि फळ्यावर काढून दाखवायला त्याहून सोपा. त्याच्या पाठीशी हल्ली पुस्तकेही उभी केली जातात. त्यांपैकी दोन आम्ही या दृष्टीने लक्षपूर्वक वाचली : सारा-जेन ब्लेकमोर यांचे 'इन्व्हेंटिंग अवरसेल्व्ज' (२०१८) आणि ॲना लेम्बके यांचे 'डोपामिन नेशन' (२०२१). दोन्ही लेखिका आपापल्या क्षेत्रातल्या जाणकार आहेत. ब्लेकमोरबाई कुमारवयीन मेंदूच्या संशोधक असून त्यांच्या पुस्तकाला २०१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे विज्ञानग्रंथ-पारितोषिक मिळाले. लेम्बकेबाई स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यसनाधीन रुग्णांवर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ आहेत. आमची तक्रार पुस्तकांविषयी थोडी आणि त्यांतून झिरपून वर्गापर्यंत येणाऱ्या समजुतीविषयी जास्त आहे.

आधी या रसायनाची ओळख करून घेऊ, कारण पहिली गफलत तिथेच होते. मेंदूतील डोपामिनला स्वतःचे काम आहे हे स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७-५८ च्या सुमारास दाखवले. त्यासाठी त्यांनी वापरलेले औषध आपल्या ओळखीचे आहे. सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ साली वेगळे काढलेले रेझरपिन ते हेच. ही मुळी रक्तदाबावर उपयोगी पडते हे पाश्चात्त्य डॉक्टरांच्या लक्षात आले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या लेखामुळे. कार्लसन यांनी सशांना रेझरपिन टोचले. ससे निपचित पडले. कान खाली, हालचाल बंद. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवते तो पदार्थ, दिला. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. या शोधमालिकेतून कंपवातावरचे औषध निघाले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. डोपामिन संपल्यावर सशांचा आनंद गेला की नाही ते कोणी पाहिले नव्हते. त्यांची हालचाल गेली होती.

मग आनंदाचा संबंध आला कुठून? १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवून दांडी दाबली की विजेचा हलका झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे या जागांशी डोपामिनचे तंतू निगडित असल्याचे कळले आणि 'सुखाचे रसायन' हे नाव चिकटले. ते चुकीचे असावे असे १९८९ पासून केंट बेरिज सांगत आले. डोपामिनचे तंतू नष्ट केलेल्या उंदराच्या तोंडात साखरपाणी घातले तर तो आवडीने जीभ चाटतो. पण समोर ठेवलेले अन्न मिळवायला मात्र उठत नाही. आवडणे शाबूत, हवेसे वाटणे गेले. लेम्बकेबाईंना हे ठाऊक आहे. डोपामिन बनवूच न शकणाऱ्या उंदरांचे उदाहरण त्या स्वतः देतात. पण परिच्छेद संपतो आणि पुस्तकाचा तराजू पुन्हा हलू लागतो : एका पारड्यात सुख, दुसऱ्यात दुःख, आणि सुखाचे पारडे फार वेळ दाबले तर दुःखाच्या पारड्यावर उड्या मारणारी छोटी भुते. चित्र विलक्षण लक्षात राहते. आमच्या मते तेच त्याचे दुखणे आहे. चॉकलेटने डोपामिन ५५ टक्के वाढते, कोकेनने २२५ टक्के, असे त्यांत दिलेले आकडे उंदरांच्या मेंदूतील एका छोट्या भागात मोजलेले आहेत. पुस्तकात तसे म्हटलेलेही आहे. भाषणांत मात्र उंदीर गळून पडतो आणि आकडे उरतात.

डोपामिनच्या पेशी नेमके काय करतात याचे सर्वांत सुंदर उत्तर वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून आले. त्याचा नेटका मांडलेला निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात उद्दीपित होतात. रसाच्या आधी नेहमी दिवा लागू लागला की काही दिवसांनी पेशी दिव्याला प्रतिसाद देतात. रस आल्यावर मात्र गप्प राहतात. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांची नेहमीची टिकटिकही मंदावते. वर्गातले उदाहरण घ्या. गणिताच्या तासाला सरांनी एकदम 'चला मैदानावर' म्हटले तर वर्ग उसळतो. दर शनिवारी शेवटचा तास खेळाचाच असेल तर तो आनंदाचा असला तरी उसळी नसते. आणि पावसाने तो रद्द झाला तर पडलेली तोंडे आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत कळवतात. कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायचे, कशातून शिकायचे, कशासाठी उठायचे, हे त्यातून ठरते. हे शिकण्याचे यंत्र आहे. शिक्षकांनी तर या रसायनाला आपले म्हणायला हवे. त्याला वर्गाबाहेर उभे करण्यात काही अर्थ नाही.

आता कुमारवय. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांत डोपामिन बनवणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी अवघ्या काही लाख. पण त्यांचे तंतू लांबवर पसरतात. एक फाटा स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागाकडे जातो, दुसरा कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे. नियोजन, संयम, एखादी गोष्ट मनात धरून ठेवणे ही कामे या दुसऱ्या भागाची. लोकप्रिय मांडणीत हे सारे तंतू लहानपणीच आपापल्या जागी बसलेले असतात आणि कुमारवयात फक्त त्यांतला 'पुरवठा' वाढतो. वस्तुस्थिती याहून चमत्कारिक आहे. दुसरा फाटा कुमारवयात अजून वाटेवर असतो.

उंदरांमध्ये हे अगदी स्पष्ट दाखवता आले आहे. मॅकगिल विद्यापीठातीलच सेसिलिया फ्लोरेस यांच्या गटाने २०१८ साली दाखवले की काही डोपामिन तंतू कुमारवयापर्यंत स्ट्रायटमच्या खालच्या भागात, न्यूक्लिअस ॲक्युम्बन्समध्ये, येऊन थांबलेले असतात आणि तिथून पुढे कपाळामागच्या भागाकडे वाढत जातात. तयार मेंदूत इतका लांब प्रवास करणारे तंतू विरळाच. कोणी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे हे ठरवण्यात डीसीसी नावाच्या ग्राही प्रथिनाचा आणि त्याला येऊन भेटणाऱ्या नेट्रिन या प्रथिनाचा हात असतो. 'नेट्रिन' हे नाव संशोधकांनी संस्कृतातील 'नेतृ', म्हणजे वाट दाखवणारा, या शब्दावरून ठेवले आहे. तंतूंवरचे डीसीसी कमी पडले तर मुक्कामाला थांबायचे तंतूही पुढे निघतात. मग कपाळामागच्या भागात नको तितके तंतू येतात, तिथल्या पेशींची घडण बदलते आणि मोठेपणीचा संयमही.

याच गटाने २०२३ साली पुढचे पाऊल टाकले. कुमारवयाच्या सुरुवातीला ॲम्फेटामिन हे उत्तेजक दिले तर नर उंदरांत तंतू असेच वाट चुकले. त्याच वयाच्या माद्यांत चुकले नाहीत. नेट्रिनमध्ये झालेल्या भरपाईने त्यांना सावरले. औषध तेच असताना परिणाम वयावर आणि लिंगावर अवलंबून निघाला. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी यांत कात्री तीच असते, वेल तोच असतो. भलत्या महिन्यात चालवली तर मात्र पीक जाते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ही शंका रास्त आहे. माकडांमध्ये डेव्हिड रोझेनबर्ग आणि डेव्हिड लुईस यांनी १९९० च्या दशकात पाहिले, तेव्हा कपाळामागच्या कॉर्टेक्सच्या मधल्या थरात डोपामिन तंतूंची दाटी कुमारवयात सर्वाधिक होऊन मग प्रौढ पातळीला उतरलेली दिसली. माणसाच्या निरोगी मुलांना किरणोत्सारी द्रव्य टोचून पाहणे योग्य नाही, म्हणून आडवाट काढावी लागली. डोपामिन तयार व्हायला लोह लागते आणि ते एमआरआयवर मोजता येते. या मार्गाने अमेरिकेत १२ ते ३० वयाच्या १४६ जणांचा पाठपुरावा करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की स्ट्रायटममधील डोपामिनची साठवण अठराव्या वर्षापर्यंत स्थिरावलेली असते, तर त्याचे निरोप घेणारे ग्राही त्यानंतरही वयानुसार कमी होत जातात. एकाच यंत्राचे दोन भाग दोन वेगळ्या वेळापत्रकांवर चाललेले. 'पंचविसाव्या वर्षी मेंदू पूर्ण होतो' हे वाक्य त्यामुळे आम्हांला निरर्थक वाटते. कोणता भाग, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आजारांकडे वळल्यावर 'मात्रा' ही कल्पना पुरतीच कोलमडते. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, उदाहरण घ्या. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आले, १९६३ मध्ये कार्लसन यांनी या औषधांचा डोपामिनशी संबंध सुचवला आणि १९७० च्या दशकात ती औषधे डोपामिनचा डी-२ हा ग्राही अडवतात हे कळले. म्हणून 'डोपामिन जास्त' असा निष्कर्ष निघाला. पण नंतरच्या चित्रणांत स्ट्रायटममध्ये डोपामिन वाढलेले आणि त्याच रुग्णांच्या कपाळामागच्या भागात त्याचे कार्य मंदावलेले दिसू लागले. एकाच मेंदूत एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी. अतिचंचलतेच्या विकारात तर मेथिलफेनिडेट हे डोपामिन वाढवणारेच औषध देतात आणि मूल शांत होते. मोजमापाचा चमचा इथे उपयोगाचा नाही. तंतू कुठे पोचले, केव्हा पोचले आणि तिथे कोणाशी जोडले गेले, हा खरा प्रश्न आहे.

शितिज कपूर यांनी २००३ साली या विकाराचे जे स्पष्टीकरण दिले, ते शुल्ट्झ यांच्या माकडांची आठवण ठेवून वाचावे. 'ही गोष्ट महत्त्वाची आहे' असा शिक्का मारणारी यंत्रणा भलत्याच वेळी शिक्के मारू लागली, तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे खोकणे, फलकावरचे अक्षर, शेजारच्या घरातला आवाज, सारेच आपल्यासाठी अर्थपूर्ण वाटू लागते. माणूस त्या अर्थाचा उलगडा करू पाहतो आणि त्यातून भ्रम घडतो. यात कुठेही सुखाचा अतिरेक नाही. भयच जास्त आहे.

हा विकार कुमारवयाच्या अखेरीस का उगवतो, याविषयी दोन जुन्या निबंधांचे ऋण मानावे लागते. १९८२ साली अर्विन फाइनबर्ग यांनी झोपेतील मेंदूलहरींच्या आधारे असे सुचवले की या वयात चेतापेशींमधील जोडण्यांची जी छाटणी होते, तीच कुठेतरी चुकत असावी. १९८७ साली डॅनियल वाइनबर्गर यांनी मांडले की बिघाड फार लवकरचा असू शकतो, पण ज्या भागात तो आहे तो भाग कामाला लागेपर्यंत तो दिसत नाही. दोन्ही त्या वेळी तर्कच होते. २०१६ साली सी-४ या रोगप्रतिकार यंत्रणेतील जनुकाचे काही प्रकार या विकाराची शक्यता थोडी वाढवतात आणि उंदरांत हेच जनुक जोडण्यांच्या छाटणीत भाग घेते असे दिसले, तेव्हा फाइनबर्गना आधार मिळाला. आम्ही 'थोडी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

या सगळ्याच्या उजेडात पुस्तके पाहू. 'डोपामिन नेशन'मधील रुग्णकथा प्रामाणिक आहेत. लेखिका स्वतःचे वाचनाचे व्यसनही लपवत नाहीत. पण तो प्रौढ माणसाच्या, बांधून पूर्ण झालेल्या यंत्रणेचा तराजू आहे. पारडी अजून टांगली जात असताना त्याचा न्याय चौदा वर्षांच्या मुलाला लावणे गैर. महिनाभराच्या उपवासाने यंत्रणा 'पूर्ववत' होते म्हणणे कुमारवयात जमणार नाही, कारण परत जायला पूर्वीची स्थिती ठरलेलीच नसते. ब्लेकमोरबाईंचे पुस्तक इथे कितीतरी सावध आहे. कुमारवय म्हणजे बिघडलेले प्रौढपण नव्हे, ही त्यांची मूळ भूमिका. ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या रूपकाविषयी सावध राहण्याचे कारणही त्यांच्याच गटाने दिले आहे : २०१४ साली ३३ जणांचे अनेक वर्षांचे स्कॅन तपासल्यावर आतला भाग आधी आणि कपाळामागचा नंतर हा क्रम बहुतेकांत दिसला, सर्वांत नाही, आणि त्याचा त्या व्यक्तींनी सांगितलेल्या धाडसाशी संबंधही आढळला नाही. त्यांचे लक्ष मात्र मित्रमंडळ, लाज, इतरांचे मन ओळखणे यांवर आहे. डोपामिनचा प्रवास त्यांच्या कथेच्या कडेला राहतो आणि आजारांचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटाकडे येते. छिन्नमनस्कतेवरच संशोधनाची सुरुवात केलेल्या लेखिकेकडून आम्ही इथे अधिक पानांची अपेक्षा केली असती.

ही पुस्तकी चर्चा शिक्षकांनी का करावी, याला कारण आहे. दहावीला पहिल्या पाचांत असलेला मुलगा अकरावीत हळूहळू मागे पडतो. मित्र तुटतात, वह्या अर्धवट राहतात, अंघोळ टळते, झोप उलटीपालटी होते. रात्री हातात मोबाइल असतो, कारण बोलायला दुसरे कोणी उरलेले नसते. 'डोपामिनची चटक' हे निदान तयारच असते. मोबाइल काढून घेतला जातो आणि सुधारणेची वाट पाहण्यात महिने जातात. हे चटकेचे चित्र असेल, साध्या दुःखाचे असेल, किंवा भ्रम सुरू होण्याआधीच्या माघारीचे असेल. बाहेरून तिन्ही सारखीच दिसू शकतात. छिन्नमनस्कता शंभरांत एकापेक्षाही कमी जणांना होते, तेव्हा प्रत्येक गप्प मुलावर ती शंका घेणे अन्यायाचे ठरेल. पण उपचारावाचून जाणारा काळ जितका लांबतो तितके सावरणे अवघड होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. नेमक्या याच वयात मूल शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जाते. त्याला पाच-सहा वर्षे ओळखणारे शिक्षक मागे राहतात आणि नव्या शिक्षकांना तो 'मुळात असाच' वाटतो. बदल ओळखायला आधीचे रूप ठाऊक असावे लागते. जुन्या शाळेत एक फोन करायला कोणताही तज्ज्ञ लागत नाही. पुढचे विचारायला २०२२ सालापासून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांकही आहे.

आकड्यांचे गांभीर्य कमी नाही. २०२२ साली १९२ अभ्यास आणि ७ लाखांहून अधिक व्यक्ती एकत्र घेऊन केलेल्या पाहणीत, मानसिक विकारांची सुरुवात ३४.६ टक्के जणांत १४ वर्षांच्या आत, ४८.४ टक्के जणांत १८ च्या आत आणि ६२.५ टक्के जणांत २५ च्या आत झालेली आढळली. हे प्रमाण आजारी पडलेल्यांतले आहे, सर्व मुलांतले नव्हे. व्याख्यानांत हा फरक नेहमी पुसला जातो. गांजाचेही तसेच. स्वीडनमधील ४५,५७० सैन्यभरती तरुणांच्या १९८७ सालच्या अभ्यासात पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना छिन्नमनस्कतेचा धोका सहापट निघाला. इतर कारणे हिशेबात धरल्यावर तो सव्वादोन पटींच्या आसपास उतरला. सव्वादोन पटही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तरी गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा विकार झाला नाही, हेही मुलांना सांगावे. ती मुले अशी माणसे पाहत असतात. आपण अतिशयोक्ती केली तर आपले उरलेलेही ऐकणार नाहीत.

आणि या वयाची दुसरी बाजू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बरोबर-चूक कळवून शिकवण्याच्या कामात कुमारवयीन मुले प्रौढांपेक्षा सरस ठरली. २०१४ सालच्या एका अभ्यासात, घरच्यांसाठी काही देताना ज्यांचा स्ट्रायटम अधिक प्रतिसाद देत होता त्या मुलांत वर्षभरात उदासीची लक्षणे घटली. केवळ स्वतःसाठी धोका पत्करताना प्रतिसाद देणाऱ्यांत ती वाढली. तंतू तेच, बक्षीस वेगळे.

यांतले बहुतेक निष्कर्ष अमेरिका आणि युरोपातील मुलांवरचे आहेत. ११ देशांतील ५,००० हून अधिक जणांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत भारत होता. उत्तेजनेची ओढ बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोचलेली दिसली, पण प्रत्यक्षातले धोके पत्करण्याचे प्रमाण देशागणिक बदलले. भारतीय मुलांच्या मेंदूच्या वाढीचा आणि मानसिक आरोग्याचा मोठा पाठपुरावा सी-वेदा या प्रकल्पात बंगळूरच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सुरू झाला. सहा ते तेवीस वर्षांची हजारो मुलेमुली त्यात आहेत आणि काहींचे मेंदूचे स्कॅनही झाले आहेत. त्याची सात केंद्रे बंगळूर, म्हैसूर, ऋषी व्हॅली, कोलकाता, इंफाळ, चंडीगढ अशा ठिकाणी पसरलेली आहेत. महाराष्ट्रात एकही नाही.